पापणीवरची लाल गाठ: माहेरची की सासरची?

मानेवाड्याची सून | ८ मार्च, रात्री ११:५२

नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. चूकभूल समजून घ्या.

मुलगी तीन महिन्यांची आहे. ३४व्या आठवड्यात झाली, वजन एक किलो नऊशे. जन्मली तेव्हा उजव्या वरच्या पापणीवर कुंकू पुसल्यावर राहतो तेवढाच फिकट डाग होता. तिसऱ्या आठवड्यात तो लाल झाला, मग वर यायला लागला. आता वाटाण्यापेक्षा मोठा आहे आणि रडली की गडद होतो. माझ्या आईला आधी रांजणवाडी वाटली, तिने रुमालाने शेक दिला. बालरोगतज्ज्ञांनी बघताक्षणी हिमँजिओमा म्हणून सांगितलं. रक्तवाहिन्यांची गाठ आहे, कॅन्सर नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच म्हणाले. येत्या बुधवारची वेळ मिळाली आहे.

गाठीपेक्षा जास्त डोकं घरातल्या चर्चेने उठलंय. माझ्या मामाच्या हनुवटीवर जन्मापासून जांभळा डाग आहे, म्हणून सासूबाईंच्या मते हे माहेरून आलं. आत्येसासूबाईंच्या मते ७ सप्टेंबरच्या चंद्रग्रहणात मी विळीवर बसून मेथी चिरली, त्याचं हे फळ. (चिरली होती. नाकारत नाही.) नवरा म्हणतो, जीन टेस्ट करू म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील. एका लॅबला फोन केला, तर किंमत ऐकून आमचीच तोंडं बंद झाली.

हे खरंच रक्तातून येतं का? आणि पुढच्या बाळाला होईल का?

बर्डीवाला | ९ मार्च, सकाळी ७:१०

ताई, शेक आधी बंद करा. आणि कोणी बिब्बा लावायला सांगितला तर हात जोडा. आमच्या आजीने माझ्या चुलतभावाच्या कपाळावरच्या असल्याच गाठीला बिब्बा लावला होता. गाठ त्याच्या पाचव्या वर्षापर्यंत आपोआप गेली. बिब्ब्याने भाजल्याचा व्रण आज तो चाळीस वर्षांचा झाला तरी आहे.

पेशीपुराण | ९ मार्च, सकाळी १०:३५

मी डॉक्टर नाही, कॉलेजात जनुकशास्त्र शिकवते. त्यामुळे औषधाबद्दल बोलणार नाही, पण "रक्तातून येतं का" हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. थोडं लांब होईल.

आपल्या विदर्भात सिकलसेलमुळे लोकांना जनुकांची ओळख झाली, हे चांगलंच झालं. पण त्यातून एक समज घट्ट बसला की जनुकाचा दोष म्हटला की तो आईबापाकडूनच येणार. सिकलसेलमध्ये ते खरं आहे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात शंभरात पंचवीस शक्यता. तिथे बदल अंड्यात किंवा शुक्रजंतूत आधीपासूनच असतो, म्हणून बाळाच्या प्रत्येक पेशीत उतरतो.

डोळ्याभोवतीच्या या गाठींची गोष्ट बहुतेक वेळा वेगळी असते. गर्भ राहून गेलेला असतो, एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत असतात, आणि त्यातल्या एकाच पेशीत डीएनएची नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं. त्या पेशीच्या लेकीबाळी तेवढ्या चुकीचं अक्षर घेऊन पुढे जातात, बाकी शरीर स्वच्छ राहतं. याला दैहिक म्हणजे सोमॅटिक उत्परिवर्तन म्हणतात. ते ना माहेरचं, ना सासरचं.

आता तुमच्या मामांचा डाग. १९८२ साली मुलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी एक साधा भेद मांडला आणि या विषयातला निम्मा गोंधळ संपवला. काही गाठी खरोखर वाढतात, म्हणजे पेशी भराभर विभागतात. बाळाचा हिमँजिओमा त्यातला: जन्मतः नसतो किंवा नावापुरता असतो, पहिल्या काही महिन्यांत फोफावतो, वर्षानंतर हळूहळू ओसरतो. दुसरा गट रक्तवाहिन्यांच्या चुकीच्या घडणीचा. ती खूण जन्मापासून असते, अंगाबरोबर मोठी होते आणि जात नाही. मामांचा डाग जन्मापासून आहे आणि अजून आहे, म्हणजे तो दुसऱ्या गटातला दिसतो. दोन वेगळे आजार, नुसता रंग जुळला म्हणून नातं लावलं जातंय.

पोर्ट वाइन स्टेन नावाचा जो सपाट जांभळट डाग असतो, त्याचं कारण २०१३ मध्ये सापडलं: जीएनएक्यू जनुकात १८३व्या जागी एकच बदल, तोही फक्त त्या डागातल्या पेशींमध्ये. हाच डाग कपाळ आणि पापणीवर पसरलेला असून मेंदूवरच्या आवरणातही तशाच वाहिन्या असल्या तर त्याला स्टर्ज-वेबर म्हणतात. बदल तोच, फक्त गर्भात जरा लवकर झालेला, म्हणून पसारा मोठा. मला हे फार विलक्षण वाटतं. एकच शुद्धलेखनाची चूक पहिल्या पानावर झाली की शेवटच्या पानावर झाली, एवढाच फरक.

निळसर, मऊ, दाबली की बसणाऱ्या शिरांच्या गाठींत बऱ्याचदा टीईके नावाचं जनुक बिघडलेलं असतं. काही घराण्यांत ते वारशाने येतं, हे १९९६ मध्ये कळलं. पण घराण्यात कोणालाच नसतानाही त्याच जनुकातला बदल फक्त गाठीत असतो, हे २००९ मध्ये दिसलं, आणि असेच रुग्ण जास्त. लसिकावाहिन्यांच्या (लिम्फच्या) गाठींत पीआयके३सीए नावाचं जनुक.

आणि तुमच्या लेकीचा हिमँजिओमा? इथे गंमत अशी की एवढा सर्रास दिसणारा प्रकार (शंभरात चार-पाच बाळांना होतो), पण याचं एकच एक जनुक हाती लागलेलं नाही. गाठीतल्या पेशी एकाच मूळ पेशीपासून आलेल्या दिसतात. काही बाळांत व्हीईजीएफआर२ आणि टीईएम८ या जनुकांत बदल मिळाले, ते २००८ मध्ये. मोजकी घराणी अशीही आहेत जिथे आई-मुलगा-नात असं उतरत गेलं. पण बहुसंख्य बाळांचा घराण्याशी संबंध लागत नाही. संबंध लागतो तो मुलगी असण्याशी, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याशी आणि कमी वजनाशी. तुमच्या बाळात तिन्ही आहेत.

ग्लूट-१ नावाचं एक प्रथिन या गाठीच्या वाहिन्यांवर असतं, शेजारच्या साध्या वाहिन्यांवर नसतं, आणि वारेच्या म्हणजे प्लॅसेंटाच्या वाहिन्यांवर असतं. २००० सालापासून हे माहीत आहे. त्यामुळे वारेतूनच एखादी पेशी बाळात जाऊन रुजते का, की गर्भात प्राणवायू कमी पडल्याने वाहिन्यांना "वाढा" असा निरोप जातो, यावर अजून वाद आहे.

मेथीचा उल्लेख कुठल्याच बाजूने झालेला नाही.

धरमपेठ एक्सप्रेस | ९ मार्च, सकाळी ११:०२

त्या ग्रहणाच्या रात्री अख्ख्या भारतात किती गर्भवती बायकांनी काही ना काही चिरलं असेल! निदान पापण्यांच्या डॉक्टरांकडे रांग तरी लागायला हवी होती.

आंबिया बहार | ९ मार्च, दुपारी १:४८

मी नरखेडकडचा, संत्र्याचा बगीचा हाये. डॉक्टरकीतलं मले कायी समजत नाही. पण पेशीपुराण ताई जे बोलल्या ते आमी झाडावर पाह्यतो.

जंबेरी लिंबाच्या खुंटावर आमी संत्र्याचा डोळा म्हंजे कलमाचा कोंब भरतो. झाड मोठं होते, साऱ्या फांद्या एकसारख्या. अन् एखाद्या वर्षी एकच फांदी अशी निंगते का तिचं फळ येगळंच. कधी साल जाड, कधी बी कमी. खुंट तोच, माती तेच, पाणी तेच. शेजारच्या फांदीले कायी नाही. आता दोष जंबेरीले द्याचा का संत्र्याले? कोणालेच नाही ना जी. त्या एका डोळ्यातच कायीतरी बदललं.

पेशीपुराण | ९ मार्च, दुपारी २:२०

आंबिया बहार भाऊ, उद्या वर्गात हेच उदाहरण देणार, तुमच्या परवानगीने. बिनबियांचं वॉशिंग्टन नेव्हल संत्रं ब्राझीलमध्ये अशाच एका बदललेल्या फांदीतून आलं, आणि जगभरची त्याची झाडं त्या फांदीची कलमं आहेत.

फरक एकच. झाडाच्या त्या फांदीचा डोळा घेऊन तुम्ही पुढचं झाड करू शकता. माणसाच्या पापणीचं कलम होत नाही. पुढची पिढी अंडाशयातल्या पेशींतून येते आणि पापणीतला बदल तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून गाठीपुरता बदल असलेल्या मुलीच्या मुलांना तो वारशाने मिळत नाही.

यातूनच टेस्टचं उत्तर निघतं. बदल फक्त गाठीत असेल तर रक्त तपासून तो सहसा दिसत नाही. गाठीचा तुकडा लागतो, आणि पापणीवरच्या सरळसरळ हिमँजिओमासाठी कोणी तुकडा काढायला जात नाही, कारण उत्तराने उपचार बदलत नाही. पैसे वाचवा.

नेत्रविभाग रात्रपाळी | ९ मार्च, रात्री ९:१५

मी नेत्ररोग विभागात निवासी डॉक्टर आहे. न तपासता सल्ला देणं बरोबर नाही, पण काही गोष्टी कोणत्याही आईला माहीत हव्यात.

जनुकाची चर्चा छान चालली आहे. मला घाई दिसते ती डोळ्याची. वरच्या पापणीची गाठ दोन रीतींनी नुकसान करते. एक, पापणी खाली येऊन बाहुली झाकते. दोन, आणि हे घरच्यांना दिसत नाही, गाठीचं वजन बुबुळावर दाब देतं, बुबुळाचा गोलवा बिघडतो आणि त्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर येतो. या वयात मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्यातून धूसर चित्र आलं की तो त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. गाठ चौथ्या वर्षी विरून जाईल, पण सोडून दिलेला डोळा तेव्हा आपोआप परत कामाला लागत नाही.

म्हणून बुधवार चुकवू नका. डोळ्यात थेंब टाकून नंबर तपासतील. आणि त्याआधी पापणी बाहुलीवर आली, गाठ फुटली, रक्त आलं किंवा डोळाच पुढे आल्यासारखा वाटला तर बुधवारची वाट बघू नका.

सगळं आपोआप जातं | ९ मार्च, रात्री १०:३०

आमच्या दोन्ही पोरांना होतं. एकाला पाठीवर, एकीला दंडावर. काही केलं नाही, दोन्ही गेले. हल्ली डॉक्टर उगाच औषधं चालू करतात. तीन महिन्यांच्या जिवाला बीपीची गोळी देतात म्हणे! मी तरी दिली नसती.

नेत्रविभाग रात्रपाळी | १० मार्च, पहाटे १:०५

दादा, पाठ आणि दंड बघायचं काम करत नाहीत. तुमच्या मुलांना औषध दिलं नाही ते बरोबरच होतं.

बीपीच्या गोळीचं म्हणाल तर ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी आम्ही स्टेरॉइड द्यायचो. फ्रान्समध्ये बोर्दो इथे नाकावर हिमँजिओमा असलेल्या एका बाळाला स्टेरॉइडने हृदयाचा त्रास झाला, म्हणून हेच बीपीचं औषध, प्रोप्रानोलॉल, सुरू केलं. दुसऱ्या दिवशी गाठीचा रंग उतरला, ती मऊ पडली. औषध दिलं होतं हृदयासाठी. हे २००८ मध्ये छापून आलं आणि दोन-चार वर्षांत जगभर उपचार बदलले. अमेरिकेत २०१४ मध्ये खास बाळांसाठीच्या प्रोप्रानोलॉलच्या द्रावणाला मान्यता मिळाली. लहान, पातळ गाठींना टिमोलॉल वरून लावूनही चालतं, पण तेही कातडीतून शरीरात जातं, तेव्हा स्वतःच्या मनाने नाही.

सुरू करण्याआधी हृदय तपासतात. घरी एक नियम काटेकोर पाळायचा: दूध पाजल्यावरच डोस. बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन. उपाशीपोटी साखर खाली जाऊ शकते.

अजून एक. गाठ पापणीपुरती नसून अर्ध्या चेहऱ्यावर पट्ट्यासारखी पसरली असेल तर आम्ही मेंदू, मानेच्या रक्तवाहिन्या आणि हृदयही तपासतो. त्या समूहाला १९९६ पासून फेस (PHACE) हे नाव आहे. त्याचंही ठरावीक जनुक मिळालेलं नाही. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण विचारून घ्या.

एक डोळा पुढे | १० मार्च, सकाळी ८:२०

बाळांचा धागा आहे, पण मोठ्यांचंही एक उदाहरण राहू द्या.

वय ४७. चार वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याचा प्लसचा नंबर वाढायला लागला. एका चष्म्याच्या दुकानात दीड वर्षात तीन वेळा काच बदलली. चाळिशी आहे, चालायचंच, असं मलाही वाटलं. मग भाचीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा बायको म्हणाली, तुमचा डावा डोळा मोठा दिसून राहिला. जुने फोटो काढून बघितले तर तीन वर्षांपासून हळूहळू पुढे येत होता आणि रोज आरशात बघणाऱ्या मला पत्ता नाही.

एमआरआयमध्ये डोळ्याच्या गोळ्यामागे, स्नायूंच्या मधोमध, द्राक्षाएवढी गाठ. कॅव्हर्नस हिमँजिओमा. ती मागून डोळ्याला ढकलत होती, म्हणून नंबर बदलत होता. ऑपरेशनमध्ये अख्खी निघाली. दृष्टी शाबूत आहे.

धाकटी मुलगी बारावीला आहे, तिने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, मलाही होईल का?" मी सर्जनला विचारलं. ते म्हणाले, नाव हिमँजिओमा असलं तरी ही बाळांच्या गाठीसारखी नाही, शिरांची चुकीची घडण आहे. जीजेए४ नावाच्या जनुकातला बदल अशा गाठींत सापडतो, पण गाठीतच. घरी येऊन मुलीला तसंच सांगितलं. तिने नीटच्या पुस्तकाच्या समासात जीजेए४ लिहून ठेवलं. प्रश्नपत्रिकेत येणार नाही, हे सांगायचं मी टाळलं.

पेशीपुराण | १० मार्च, सकाळी ९:४०

एक डोळा पुढे, तुमच्या सर्जनना नमस्कार सांगा. त्या जनुकापासून कनेक्सिन ३७ तयार होतं. शेजारशेजारच्या पेशींमधली बारीक भोकं समजा, ज्यातून त्या एकमेकींना निरोप देतात. ती भोकं बिघडली की वाहिनीला आपला आकार किती ठेवायचा ते कळेनासं होतं, असा अंदाज आहे.

नाव नको | १० मार्च, दुपारी ३:५५

हे सगळं वाचून एक उलटी बाजू सांगाविशी वाटली. आमच्या घरात खरंच रक्तातून आलंय.

वडिलांची एका डोळ्याची नजर तिशीत गेली. तेव्हा कोणी नाव घेतलं नाही. पुढे भावाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची गाठ दिसली, मग त्याच्याच लहान मेंदूत. तेव्हा व्हॉन हिपेल-लिंडाऊ हे नाव कळलं. व्हीएचएल जनुक, आईबापातल्या एकाला असलं तरी प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. माझी रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. दर वर्षी डोळ्याचा पडदा, मेंदू-मणका, मूत्रपिंडं. पडद्यावर एक बारीक गाठ निघाली, लहान होती तेव्हाच लेझर झाला.

आमच्यासाठी ती टेस्ट पैशाला महाग नव्हती. बहिणीची निगेटिव्ह आली आणि तिच्या मुलांची दर वर्षीची फरफट कायमची सुटली.

पेशीपुराण | १० मार्च, संध्याकाळी ६:१०

लिहिल्याबद्दल आभार. मी काल "बहुतेक वेळा" असा शब्द वापरला तो यासाठीच, पण तुम्ही सांगितलंत तसं मला सांगता आलं नसतं.

इतरांसाठी थोडं. हिपेल हे जर्मन नेत्रतज्ज्ञ, त्यांनी १९०४ मध्ये पडद्यावरच्या गाठींचं वर्णन केलं. लिंडाऊ स्वीडनचे, त्यांनी १९२६ मध्ये त्या मेंदूतल्या गाठींशी जोडल्या. जनुक मिळालं १९९३ मध्ये. व्हीएचएल प्रथिनाचं काम पेशीतला "प्राणवायू कमी आहे" हा निरोप वेळच्या वेळी फाडून टाकणं. ते नसलं की प्राणवायू भरपूर असूनही पेशी ओरडत राहते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. पेशीला प्राणवायू कसा कळतो या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं, त्यात या जनुकाचा मोठा वाटा आहे. वारशाने एक प्रत बिघडलेली येते आणि आयुष्यात कुठेतरी एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की तिथे गाठ. म्हणजे इथेही शेवटचा घाव दैहिकच.

तर टेस्टचा विचार कधी करायचा? घरात दोन-तीन जणांना, एकाच माणसाला अनेक ठिकाणी, पडद्यावर किंवा मेंदूत गाठी, असं असेल तर. मानेवाड्याची सून, मामांच्या अंगावर फिकट कडा असलेले बारीक गुलाबी डाग आणखी आहेत का आणि तसे तुमच्या आईला किंवा तुम्हाला आहेत का, एवढं बघून घ्या. आरएएसए१ नावाच्या जनुकात तसं घराण्यात चालतं. एकच डाग असेल तर विषय सोडा.

मानेवाड्याची सून | १७ मार्च, रात्री १०:२५

सगळ्यांचे खूप आभार. उशिरा लिहितेय, आठवडा धावपळीत गेला.

मामाला फोन करून अंगभर डाग शोधायला लावले. तो आधी हसला, मग मामीने शोधले. एकच आहे, हनुवटीवरचा.

बुधवारी डोळे तपासले. उजव्या डोळ्याला अडीच सिलिंडर निघाला. पापणी अजून बाहुलीवर आलेली नाही, पण नंबर आहे म्हणून थांबायचं नाही असं ठरलं. ईसीजी, इको झालं, दोन्ही ठीक. पहिले डोस दवाखान्यात, नजरेखाली दिले. आज सहावा दिवस. गाठीचा भडक लाल रंग मळकट झालाय. नवरा म्हणतो तुला तसं वाटतं, पण मी रोज सकाळी त्याच खिडकीपाशी फोटो काढते, मला दिसतंय.

घरचं सांगते. औषधाचं नाव चिठ्ठीवर वाचून सासूबाई एकदम म्हणाल्या, "प्रोप्रानोलॉल? हे तर मी अर्धशिशीसाठी दोन वर्षं खाल्लं." आत जाऊन जुनी फाइलच घेऊन आल्या. तेव्हापासून डोसची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. आधी दूध, मग ढेकर, मग घड्याळात बघून औषध, आणि वहीत नोंद. मी एकदा पाच मिनिटं आधी बाटली उचलली तर ओरडा खाल्ला. मामाचा विषय परत निघालेला नाही. आत्येसासूबाई अजून मेथीवर ठाम आहेत.

धरमपेठ एक्सप्रेस | १७ मार्च, रात्री १०:४०

म्हणजे गाठ कोणाचीच नाही, पण औषध सासरचं निघालं!

मानेवाड्याची सून | १७ मार्च, रात्री १०:५१

हेच मी नवऱ्याला म्हटलं, तो अजून हसतोय.

एक शेवटचं विचारायचं होतं. चष्मा द्यायचा म्हणतात, आणि डाव्या डोळ्याला रोज थोडा वेळ पट्टी. एवढ्या लहान बाळाला चष्मा राहतो कसा? काड्यांची फ्रेम नाकावर टिकतच नाही.

एका चष्मेवालीची आई | १८ मार्च, सकाळी ६:३०

काड्यांची घेऊच नका. मागे पट्टा असलेली मऊ रबरासारखी फ्रेम मिळते, नाकाचा भागही मऊ असतो. दुकानात बाळाला घेऊनच जा, नुसत्या मापावर आणू नका. पहिले चार दिवस ओढून काढेल. दूध पिताना घालायचा, तेव्हा हात गुंतलेले असतात. मग सवय होते.

आणि दोन घ्या. आमच्या बाईसाहेबांनी पहिला फुटाळा तलावात टाकला.

मानेवाड्याची सून | १८ मार्च, सकाळी ६:४८

दोन घेते. फुटाळ्याला नंतर नेईन.